दोन साडू आणि मुश्किल गाडी

नंबर प्लेट रंगवायच्या धंद्यात एक गंमत असते. जुनी प्लेट खरवडायला घेतली की वरच्या रंगाखालून आधीचा रंग निघतो, त्याच्याखालून त्याच्याही आधीचा. किस्से असेच साचतात. एक सांगायला घेतला की खालचा दिसतो, आणि खालचा नेमका जास्त चांगला निघतो! मला चारचौघांत बोलायला जमत नाही, ओठांवर आलेलं परत पोटात जातं. म्हणून लिहून काढतो आहे.

माझं दुकान भिलाईत, पावर हाउस भागातल्या मोटार लायनीत, म्हणजे गॅरेजांच्या रस्त्यावर आहे. दुकान म्हणजे एक ताडपत्री, एक स्टूल, डबे, ब्रश आणि रंग फवारायचा कॉम्प्रेसर. आठवीनंतर शाळा सुटली, पण अक्षर चांगलं होतं, तेच कामी आलं.

रस्त्याच्या माझ्या बाजूला नामदेवभाऊंचं गॅरेज, समोर किसनभाऊंचं. दोघंही भंडाऱ्याकडचे, दोघंही उस्ताद, आणि दोघं एकमेकांचे साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे! आधी दोघांचं मिळून एकच गॅरेज होतं. मग काहीतरी बिनसलं. काय बिनसलं, असं विचारलं की नामदेवभाऊ म्हणायचे, "त्याले विचार." किसनभाऊंना विचारलं की तेही म्हणायचे, "त्याले विचार." शेवटी मी विचारणंच सोडलं.

दोघं एकमेकांशी बोलत नसत. मध्ये रस्ता, आणि निरोप पोचवायला मी.

*

पहिला किस्सा बोर्डांचा. नामदेवभाऊंचा बोर्ड होता 'विदर्भ ऑटो गॅरेज'. किसनभाऊ वेगळे झाले तेव्हा त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'न्यू विदर्भ ऑटो गॅरेज'.

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊ आले. "आमच्यावर 'ओरिजिनल' टाक."

टाकलं. संध्याकाळी किसनभाऊ. "आमच्यावर 'रियल ओरिजिनल' टाक. अन् अक्षर त्याच्यापेक्षा मोठं काढजो."

काढलं. आता बोर्डावर जागाच उरली नव्हती. नामदेवभाऊ बरेच दिवस येता-जाता समोरचा बोर्ड बघत होते. मग एक दिवस शांतपणे म्हणाले, "आमचं ते ओरिजिनल-फिरिजिनल सगळं पूस. नुसतं 'विदर्भ ऑटो गॅरेज' ठेव."

मला वाटलं, संपलं भांडण! मी पुसून खाली उतरलो.

"अन् त्याच्याखाली बारीक अक्षरात लिही," ते म्हणाले, "आमची शाखा समोर आहे."

त्या दिवशी किसनभाऊंनी समोरून तो बोर्ड पुन्हा पुन्हा वाचला. रागावले असतील म्हणून मी ताडपत्रीच्या आत सरकलो. ते रस्ता ओलांडून आले, आणखी एकदा वाचलं आणि मला म्हणाले, "अक्षर मातर चांगलं काढलं बे तू!"

*

गाडी फवारताना काचा आणि चाकं झाकायला मी रद्दी विकत घेतो. एकदा रद्दीच्या गठ्ठ्यात एक इंग्रजी मासिक निघालं. गुळगुळीत कागद, पानोपानी अमेरिकेच्या मोटारी. लांबलचक बॉनेट, रुंद टायर, आणि रंग तर असे की मी तोवर डब्यात पाहिले नव्हते! मी बघतच राहिलो.

तेवढ्यात इकडून नामदेवभाऊ आले आणि तिकडून किसनभाऊ. दोघांनी एकदमच हात घातला. एकानं पुढचं टोक धरलं, एकानं मागचं. कोणी सोडेना. टर्रकन पिना निघाल्या, आणि पुढची पानं नामदेवभाऊंच्या हातात, मागची किसनभाऊंच्या हातात राहिली.

पुढच्या पानांतल्या गाड्यांवर धावणारा घोडा होता. मागच्या पानांतल्या एका गाडीच्या ढुंगणावर मधमाशी काढलेली होती. त्या दिवसापासून नामदेवभाऊ घोडेवाल्या कंपनीचे झाले आणि किसनभाऊ मधमाशीवाल्या कंपनीचे. कंपन्यांची नावं आमच्या जिभेवर बसत नव्हती, आणि तशी गरजही पडली नाही.

"वरतं मोठं काय लिहिलं हाय, वाच बरं," किसनभाऊ मला म्हणाले. मी एकेक अक्षर जुळवलं. एम, यू, एस, सी, एल, ई. घाम फुटला. म्हटलं, "मुस्कल कार."

"मुश्किल!" किसनभाऊ ओरडले. "मुश्किल कार लिहिलं हाय. म्हंजे चालवाले मुश्किल!"

आपल्या गॅरेजच्या दारातून, कोणाकडेही न बघता, नामदेवभाऊंनी आवाज दिला, "चालवाले नाई, थांबवाले मुश्किल!"

किसनभाऊ विचारात पडले. "हाव," ते हळूच म्हणाले, "हे बरोबर हाय." वेगळं झाल्यापासून दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

ती रद्दी निघाली काळेसाहेबांच्या घरची. काळेसाहेब मूळ नागपूरचे, इथल्या पोलाद कारखान्यात ऑफिसर. त्यांचा धाकटा भाऊ अमेरिकेत होता, ते मासिक त्यानंच कधीतरी पाठवलेलं. साहेब स्कूटरच्या प्लेटसाठी माझ्याकडे आले, पानं बघितली आणि हसत सुटले.

"मुश्किल नाही रे, मसल! मसल म्हणजे ही," असं म्हणून त्यांनी दंड वाकवून बेडकी दाखवली. बेडकी फार काही आली नाही.

"साहेब, तुमची बेडकी राहू द्या," किसनभाऊ म्हणाले, "आमाले मुश्किलच बरी."

मग साहेब सुट्टीच्या दिवशी येऊन बसायला लागले. माझ्या स्टुलावर बसून ते दोन्हीकडची पानं वाचून सांगायचे, तेही मोठ्यानं. कारण दोन्ही उस्ताद आपापल्या दारात, कान इकडे आणि तोंड भलतीकडे करून बसलेले असत.

साहेब सांगायचे, तिकडे डेट्रॉइट म्हणून एक शहर आहे. आपलं भिलाई जसं लोखंडावर जगतं, तसं ते मोटारींवर जगतं. एकाच गावात मोठमोठ्या कंपन्या, आणि सगळ्यांना एकच ध्यास, साध्या घरगुती गाडीत जास्तीत जास्त मोठं इंजिन कोण बसवतो! यानं यंदा एवढं बसवलं की पुढच्या साली तो त्याहून मोठं. सिग्नलला दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की तिथंच रेस. आणि रविवारी जी गाडी रेस जिंकली, ती सोमवारी दुकानात विकली जायची.

एका तिसऱ्या कंपनीत वरच्या साहेबांनी हुकूम काढला होता, मधल्या आकाराच्या गाडीत मोठं इंजिन घालायचं नाही. तिथल्या जवान इंजिनियरांनी काय करावं? गाडी तीच ठेवली आणि मोठं इंजिन 'जादा सामान' म्हणून विकायला काढलं! ज्याला हवं त्यानं मागून घ्यावं. लोकांच्या रांगा लागल्या, वरचे साहेब बघत राहिले.

नामदेवभाऊंना हे इतकं आवडलं की ते पान्हा खाली ठेवून उठले. "म्हंजे जेवनात बकरा बंद," ते म्हणाले, "म्हून चटनीच्या वाटीत बकरा वाढला!"

मी मात्र रात्रभर त्या इंजिनियरांचा विचार करत होतो. एवढं धाडस माणसाच्या अंगात येतं तरी कुठून?

*

घोडेवाल्या कंपनीचीही एक तऱ्हा साहेबांनी सांगितली. एका इंजिनाची ताकद ते कागदावर मुद्दाम कमी लिहायचे! विमावाल्यांना वाटावं गाडी गरीब आहे, रेसवाल्यांनाही तेच वाटावं. आणि मैदानात सोडली की ती सगळ्यांच्या पुढे.

नामदेवभाऊंनी हे मनात ठेवलं. तेव्हा जवळच्या कोहका गावातल्या एका कापडवाल्या सेठजींची जुनी अँबेसेडर त्यांच्याकडे आली होती. ते बरेच दिवस तिच्या पोटात डोकं घालून होते. सेठजी न्यायला आले. "अब कैसी चलेगी, भाऊ?"

नामदेवभाऊंनी चेहरा पाडला. "थोडी कमजोरच है, सेठजी. दबा के चलाना."

सेठजींनी बिचाऱ्यांनी दाबलं.

घरी निघालेले सेठजी कुठवर गेले ते आम्हाला नंतर कळलं. घर आलं आणि गेलं, कोहका आलं आणि गेलं. परत आले तेव्हा डोक्यावरची टोपी नव्हती आणि आवाज बसला होता. "भाऊ, कमजोर बोला था ना?"

"कागजपे कमजोरच है, सेठजी," नामदेवभाऊ म्हणाले.

सेठजी दार धरून थोडा वेळ उभे राहिले. मग पुन्हा आत बसले आणि म्हणाले, "एक बार और देखता हूँ!"

*

पट्ट्यांचा किस्सा माझ्याच हातचा आहे. तेव्हा दोघांकडे आपापली एकेक अँबेसेडर होती, भंगारातून उठवून उभी केलेली. नामदेवभाऊंची हिरवी, किसनभाऊंची पांढरी. घोडेवाल्यांच्या पानात बॉनेटवरून मागेपर्यंत दोन पट्टे होते, म्हणून नामदेवभाऊंनी दोन मारून घेतले. किसनभाऊंनी चार मागितले. नामदेवभाऊंनी बाजूलाही दोन वाढवले. किसनभाऊंनी दारांवर, टपावर, मडगार्डवर... मी काळा रंग मारत गेलो आणि ते "अजून एक, अजून एक" म्हणत गेले.

एक दिवस आर.टी.ओ.च्या माणसानं ती गाडी थांबवली. कागद बघितला. "रंग?"

"सफेद," किसनभाऊ म्हणाले.

"और ये काला?"

"ये तो पट्टे हैं, साहब."

"तो सफेद कहाँ है?"

किसनभाऊ माझ्याकडे वळले. "अबे, दाखव ना साहेबाले, सफेद कुठं हाय ते!"

मी गाडीभोवती एक फेरी मारली. मग खाली वाकून दाराच्या हँडलखाली पांढरं होतं त्यावर बोट ठेवलं.

त्या माणसानं चष्मा काढून बघितलं. "ये तो सफेद पट्टा है!"

*

गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग शेपटीचा. मधमाशीवाल्या कंपनीकडे एक रेसर होता, रेसिंगचा राजाच म्हणा. तो रुसला आणि चक्क घोडेवाल्यांकडे गेला. मग मधमाशीवाल्यांनी काय केलं? त्याला परत आणायला नवीन गाडी बांधली. पुढे पाखराच्या चोचीसारखं टोक, मागे माणसाच्या कमरेएवढं उंच शेपूट, म्हणजे वेगात गाडी जमिनीला चिकटून राहावी. आणि नियम होता की रेसला आणायची तर तशाच गाड्या दुकानातही विकायच्या! रोज भाजी आणायला जाणाऱ्या लोकांसाठी त्यांनी शेपटीवाल्या गाड्या बनवल्या. तो रेसर परत आला.

एका माणसाची समजूत घालायला अख्खी कंपनी लागली! साहेबांचं हे सांगून झालं. नामदेवभाऊ बराच वेळ समोरच्या गॅरेजकडे बघत होते. मग त्यांनी मान फिरवली.

किसनभाऊंनी त्याच आठवड्यात जस्ताच्या पत्र्याचं शेपूट बनवून पांढऱ्या गाडीला ठोकलं. उन्हाळा होता. त्यांच्या बायकोनं, कमलावहिनींनी, बाहेर येऊन तो उंच, स्वच्छ, सपाट पत्रा बघितला, वर फडकं अंथरलं आणि कुरड्या घातल्या.

किसनभाऊंना माहीत नाही. ते गाडी घेऊन तसेच गावाबाहेरच्या नंदिनी नगरला निघाले. परत आले तेव्हा लायन पोट धरून हसत होती. वहिनी कंबरेवर हात ठेवून उभ्या. किसनभाऊंनी खाली उतरून शेपटीकडे बघितलं. निम्म्या कुरड्या उडाल्या होत्या, पण ज्या फडक्याला चिकटून राहिल्या होत्या, त्या खणखणीत वाळल्या होत्या!

"पाह्य!" किसनभाऊ छाती काढून म्हणाले. "शेपूट काम करते!"

उरलेल्या कुरड्यांतला वाटा कमलावहिनींनी माझ्या हाती रस्त्यापलीकडे बहिणीकडे, सुशीलावहिनींकडे पाठवला. नामदेवभाऊंनी एक मोडून तोंडात टाकली. "सांग त्याले," ते म्हणाले, "मीठ कमी हाय."

*

मग काळेसाहेबांचा भाऊ अमेरिकेहून सुट्टीवर आला. साहेब त्याला लायनीत घेऊन आले. किसनभाऊंनी आपला खास चहा मागवला आणि पहिलाच प्रश्न केला, "यंदा कोन पुढं हाय? घोडा का मधमाशी?"

त्याला आधी समजलंच नाही. मग त्यानं ती फाटकी पानं बघितली, आणि हसता हसता थांबला.

"काका, ही पानं किती जुनी आहेत! ती रेस तर केव्हाच संपली."

त्यानं समजावून सांगितलं. अशा गाड्यांच्या विम्याचे हप्ते वाढले, मग धुराचे नियम आले, मग पेट्रोलची टंचाई पडली. कंपन्यांनी ती मोठी इंजिनं एकेक करून बंद केली, आणि जी राहिली त्यांचीही ताकद काढून घेतली. हे सगळं झालं तेव्हा मी दुसरीत असेन. ज्या भांडणात आम्ही बाजू घेऊन बसलो होतो, ते मिटून इतकी वर्षं झाली होती.

नामदेवभाऊ आपल्या गाडीच्या पट्ट्यावरून बोट फिरवत होते.

"मंग जितलं कोन?" किसनभाऊंनी विचारलं.

"कोणीच नाही. सगळेच थांबले."

"अशी कशी रेस, बाप्पा!" किसनभाऊ एकदम उठले. "कोनी जितलंच नाई?" ते रस्त्याच्या कडेपर्यंत आले. बोलत माझ्याशी होते, पण आवाज पलीकडे जात होता. "सांग त्याले. तिकडं नाई झालं ते इकडं होऊन जाऊ दे. इथून नंदिनी नगर, तिथून वापस. जो पयले येऊन या पेंटरच्या स्टुलाले हात लावन, तो जितला."

"अन् जो हारला त्याचं?" नामदेवभाऊंनी मला विचारलं.

"त्यानं आपलं शटर पाडाचं. अन् दुसऱ्या दिवसापासून जितला त्याच्या गॅरेजात कामाले जाचं. उस्ताद म्हून नाई. मिस्त्री म्हून."

दोघांनीही ती गॅरेजं आयुष्य घालून उभी केली होती. मला वाटलं, नामदेवभाऊ आता 'मीठ कमी हाय' असं काहीतरी बोलतील.

"सांग त्याले," ते म्हणाले, "मंजूर."

*

सुट्टीच्या दिवशी सकाळी रस्ता रिकामा होता. दोन्ही बहिणी येऊन माझ्या ताडपत्रीखाली बसल्या. इतक्या जवळ बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, काळजी करू नका."

"कावून नाई करू?" सुशीलावहिनी म्हणाल्या. "इकून हारले त माहा नवरा, तिकून हारले त माह्या बहिनीचा. रडाचं त आमालेच हाय!"

दोन्ही गाड्या निघाल्या. तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. त्या जुन्या, भंगारातून उठवलेल्या गाड्या अशा गरजल्या की पत्र्यांवरचे कावळे उडाले, आणि माझ्या डब्यांतला रंग थरथरला. अमेरिकेच्या त्या सिग्नलवर असंच वाटत असेल का? क्षणभर मला दोघंही जिंकावेत असं वाटलं. मग आठवलं, तसं होत नाही.

परत यायला हवे होते तेव्हा आले नाहीत. चहा झाला, तो पुन्हा झाला. काळेसाहेब येरझारा घालत होते. कमलावहिनींनी बहिणीचा हात धरला होता.

दुपार कलली तेव्हा दुरून उंच पत्रा दिसला. "किसनभाऊ! किसनभाऊ!" पोरं ओरडली. पांढरी गाडी, म्हणजे काळी गाडी, पुढे होती. पण ती सावकाश येत होती. तिच्या मागे दोर बांधलेला होता, आणि दोराच्या टोकाला नामदेवभाऊंची हिरवी गाडी.

सुशीलावहिनींनी पदर तोंडाला लावला.

गाडी जवळ आली तेव्हा मी नीट बघितलं. पांढऱ्या गाडीच्या स्टेअरिंगवर नामदेवभाऊ होते. मागच्या, ओढून आणलेल्या हिरव्या गाडीच्या स्टेअरिंगवर किसनभाऊ!

दोघं उतरले. हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले. लोकांनी गराडा घातला. "कौन जीता? अरे, बताओ तो, कौन जीता?" माझं स्टूल समोरच होतं. दोघांतलं कोणीही त्याला हात लावला नाही. नामदेवभाऊ हात धुवायला गेले, किसनभाऊ दोर गुंडाळत बसले, आणि नंदिनी नगरच्या रस्त्यावर काय झालं ते ना त्या दिवशी कोणी सांगितलं, ना आजवर.

दुसऱ्या दिवशी मी लवकर दुकान उघडलं. दोन्ही शटरं बंद होती. आता कोणाचं उघडतं आणि कोणाचं कायमचं पडतं, हे बघायला मी ब्रश न भिजवताच बसून राहिलो.

नामदेवभाऊ आले. खांद्यावर मिस्त्रीचं फडकं, हातात पान्ह्यांची पेटी. आपल्या गॅरेजकडे न बघता ते किसनभाऊंच्या गॅरेजकडे रस्ता ओलांडायला लागले. म्हणजे आमचे नामदेवभाऊ हरले!

तेवढ्यात पलीकडून किसनभाऊ निघाले. त्यांच्याही खांद्यावर फडकं, हातात पेटी. ते नामदेवभाऊंच्या गॅरेजकडे येत होते.

रस्त्याच्या मधोमध दोघं समोरासमोर आले आणि थांबले. एक ट्रकवाला हॉर्न मारत राहिला. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावरची फडकी बघितली.

"चाबी कुठं हाय?" नामदेवभाऊंनी विचारलं. मला नाही, थेट त्यांना.

"मागच्या खिळ्यावर. अन् तुही?"

"माहीबी मागच्या खिळ्यावरच."

"बरं," किसनभाऊ म्हणाले, आणि दोघं एकमेकांच्या गॅरेजात कामाला गेले.